एकेक लाव रे!

रोह्याकडे जाताना नागोठण्यानंतर निडी लागतं. आमचं घर तिथलं. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, भिऱ्याला, १९२७ पासून वीज तयार होते. पण २००५च्या सुमाराचं भारनियमन काही आम्हाला चुकलं नाही. वीज आली की घरातला पंप, फ्रिज, पंखे एकदम सुरू व्हायचे आणि फ्यूज उडायचा. बाबा ओरडायचे, "अरे, एकेक लाव रे!"

बाबांचा हा नियम मला पुढे संगणकात भेटला. कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्रांना झोपवणं-उठवणं हे काम आधी पूर्णपणे त्याच्याकडे नव्हतं. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या १९९२च्या एपीएम पद्धतीत बरीच सत्ता बायोसकडे असे. ते कर्नलच्या नकळत एखादं यंत्र बंद करी. डिसेंबर १९९६मध्ये या दोघांनी तोशिबासह एसीपीआय आणली आणि निर्णय कार्यप्रणालीच्या हाती आला.

निर्णय झाला, तरी तो प्रत्येक यंत्रापर्यंत पोचवायला हवा. कर्नल आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. विंडोज २०००मध्ये कर्नल त्याला आधी विचारी, झोपवू का? माहिती बुडणार असेल तर ड्रायव्हर नकार देई. (बॅटरी संपत आली असेल तर विचारणा नाही, थेट हुकूम.) झोपताना आधी पेनड्राइव्ह, मग तो ज्याला जोडलाय तो यूएसबी कंट्रोलर, उठताना उलट. आणि सुरू होताना एकदम जास्त वीज ओढणारी यंत्रं? ती एका वेळी एकच. बाबांना हे सांगितलं तर ते नुसते हसले.

त्या काळी ड्रायव्हरने एक विनंती हाताळली की 'आता पुढची पाठवा' असंही कळवावं लागे. एका कार्डाचा ड्रायव्हर लिहिताना, झोपेच्या भागात, ती एक ओळ मी विसरलो. कार्ड छान झोपलं. उठण्याची विनंती मात्र रांगेतच अडकली आणि पडदा निळा झाला. चाचणी सहकाऱ्याच्या संगणकावर चालली होती. त्याचं दुपारभराचं लेखन जतन केलेलं नव्हतं.

२००७ साली व्हिस्टा बाजारात आली, आणि तेव्हापासून ती ओळ लिहायची गरजच उरली नाही. सहकाऱ्याचं लेखन मात्र गेलं ते गेलंच.