थरारपट म्हणजे काय? एक मानवत, दोन थरार

थरारपट, म्हणजे इंग्रजीतला ‘थ्रिलर’, हा प्रेक्षकाला सतत ताणाखाली ठेवणारा चित्रपटप्रकार आहे. खून, अपहरण, पाठलाग ही त्याची नेहमीची सामग्री. पण नुसत्या खुनाने थरारपट होत नाही. प्रेक्षकाला काय, किती आणि केव्हा कळू द्यायचं, यावर त्याची सगळी मांडणी उभी असते.

रहस्य आणि थरार यांत फरक काय?

रहस्यपटातला प्रश्न मागचा असतो: ‘हे कोणी केलं?’ थरारपटातला प्रश्न पुढचा असतो: ‘आता काय होणार?’ दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचं एक साधं उदाहरण देत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो बॉम्ब आधीच दाखवला, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकल्या जातात.

मराठीतले काही उपप्रकार

- न्यायालयीन: राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री वकिलासमोर आरोपी म्हणून येते. यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला.
- मानसशास्त्रीय: ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६). भुताटकी की मनाचा आजार, हा त्यातला पेच.
- राजकीय: जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९). इथे खुर्चीचे डावपेच ताण निर्माण करतात.
- गुन्हेगारी: ‘रेगे’ (२०१४) आणि ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८).

या सीमा पक्क्या नसतात. एकाच चित्रपटात दोन-तीन उपप्रकार सहज मिसळतात.

मानवतची घटना

उपप्रकार बदलला की गोष्ट कशी बदलते, हे परभणी जिल्ह्यातल्या एका खऱ्या प्रकरणावरून दिसतं. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत परिसरात दहा खून झाले. मृतांत लहान मुली आणि स्त्रियाच बहुसंख्य होत्या. गुप्तधन आणि संतानप्राप्तीसाठी हे नरबळी दिले गेले, असा आरोप होता. तपासात मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांची प्रमुख भूमिका होती.

यावर आधारित ‘आक्रित’ १९८१ साली आला. दिग्दर्शक म्हणून अमोल पालेकर यांचा हा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकर यांची. यात गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. ताण असतो तो माणूस हावेपोटी किती खाली जाईल याचा.

२०२४ साली आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली. कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारित असल्याने ती तपासाच्या बाजूने चालते. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. हा झाला पोलीस-तपासाचा थरारपट. पहिल्यात आपण गुन्हेगाराच्या घरात बसतो, दुसऱ्यात पोलिसांच्या जीपमध्ये.

पडद्याबाहेर काय उरतं?

पडद्यावर आरोपीने कबुली दिली की गोष्ट संपते. न्यायालयात खरी कसोटी तिथून सुरू होते. मानवत प्रकरणात काहींना शिक्षा झाली, काही सुटले. कबुलीजबाब कसा नोंदवावा आणि माफीच्या साक्षीदारावर किती विसंबावं, यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा या प्रकरणातला १९७७ चा निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो. नरबळीसारख्या प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं.

दोन्ही मांडण्यांत एक बाजू मागेच राहते: ज्यांच्या मुली गेल्या, त्या घरांची. सत्यघटनेवरचा थरारपट पाहताना कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे, एवढं जरूर तपासावं. उपप्रकाराचं नाव त्यातूनच कळतं आणि कोणाची गोष्ट सांगायची राहिली, तेही.