पदच्युत हुकूमशहाची फाशी : शिक्षा कोणाची, न्याय कोणाचा?

आजचा विषय थेट एका तारखेपासून सुरू करू. ३० डिसेंबर २००६. बगदादमध्ये पहाटे सद्दाम हुसेनला फाशी देण्यात आली. त्या दिवशी बकरी ईद होती. काही तासांतच कुणीतरी मोबाइलवर केलेलं चित्रण जगभर पसरलं. त्याच्या गळ्यात फास आहे आणि समोर उभे असलेले काही जण त्याला टोमणे मारतायत, मुक्तदा अल-सद्र या शिया नेत्याच्या नावाचा घोष करतायत. तुमच्यापैकी अनेकांना ते आठवत असेल.

आता एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. सद्दाम निर्दोष होता का? नाही. त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. एखादं राज्य जेव्हा माणसाचा जीव घेतं, तेव्हा ती 'शिक्षा' कशामुळे ठरते? त्याच माणसाला जमावाने रस्त्यात मारलं असतं तर आपण त्याला शिक्षा म्हटलं नसतं. मग मधे नेमकं काय घडावं लागतं?

शिक्षेचं समर्थन साधारण तीन प्रकारे केलं जातं. पहिलं, केल्याची परतफेड. गुन्हा केला, म्हणून तेवढंच भोगलं पाहिजे. दुसरं, जरब. एकाला शिक्षा झाली की दहा जण धडा घेतात. तिसरं, बंदोबस्त. हा माणूस पुन्हा काही करू शकणार नाही याची खात्री. ही तिन्ही कारणं पदच्युत हुकूमशहाला लावून बघू या.

बंदोबस्ताचं कारण वरवर भक्कम वाटतं. हुकूमशहा जिवंत राहिला तर त्याचे समर्थक पुन्हा गोळा होतील, ही भीती खोटी नाही. नेपोलियनला एल्बा बेटावर ठेवलं होतं. १८१५ मध्ये तो निसटला आणि पुन्हा पॅरिसच्या गादीवर बसला. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग आपण विसरतो. वॉटर्लूनंतर त्याला सेंट हेलेना बेटावर नेलं, कडक पहारा ठेवला, आणि १८२१ मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे कमी पडला होता तो पहारा; त्यासाठी फाशीची गरज लागली नाही.

जरबेचं तर उलटंच आहे. हुकूमशहाला कायम एक गोष्ट ठाऊक असते, की खुर्ची गेली तर जीवही जाऊ शकतो. ही भीती त्याला सौम्य करत नाही, ती त्याला खुर्चीला जास्त घट्ट चिकटवते.

राहिली परतफेड. इथे मात्र थांबावं लागतं, कारण पीडितांच्या तोंडून आपण हेच ऐकतो. परतफेडीचा सर्वांत कडक पुरस्कर्ता म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांट. १७९७ च्या ग्रंथात तो म्हणतो, की एखाद्या बेटावरचा समाज उद्या विसर्जित होणार असेल, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड द्यायलाच हवा. इतका कडक माणूस! आणि गंमत बघा, त्याच ग्रंथात राजाला रीतसर खटला चालवून ठार मारणं हा कांटला अक्षम्य गुन्हा वाटतो. का? कारण कायदा ज्याच्या नावाने चालतो, त्यालाच कायद्याच्या नावाने मारलं, तर कायद्याचा पायाच उलटा होतो, असं त्याचं म्हणणं. आपण आज राजाला कायद्याचा उगम मानत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला पटणार नाही. पण त्यातली अडचण खरी आहे. कालपर्यंत जो स्वतःच कायदा होता, त्याला आज कोणत्या कायद्याने तपासायचं?

कांटच्या डोळ्यांपुढे अर्थातच फ्रान्स होता. १७९२ च्या डिसेंबरमध्ये सोळाव्या लुईचं काय करायचं यावर फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत वाद झाला. रॉबस्पिएरचं म्हणणं असं, की राजावर खटला चालवायचाच नाही. खटला चालवायचा म्हणजे तो निर्दोष असू शकतो हे मानायचं. आणि तो निर्दोष असेल तर मग क्रांतीच गुन्हेगार ठरते! तेव्हा थेट मारा. हाच रॉबस्पिएर दीड वर्षापूर्वी, मे १७९१ मध्ये, मृत्युदंडच रद्द करा म्हणून बोलला होता.

त्याच सभेत थॉमस पेन होता. महात्मा फुल्यांनी ज्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, तोच हा पेन. राजेशाहीचा कट्टर शत्रू. पण तो म्हणाला, राजेशाही मारा, माणसाला मारू नका. लुईला कैदेत ठेवा आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेला हद्दपार करा. पेनचं कुणी ऐकलं नाही. २१ जानेवारी १७९३ ला लुईचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षाअखेर पेन स्वतः तुरुंगात होता, आणि १७९४ च्या जुलैत रॉबस्पिएरचं डोकं त्याच गिलोटिनखाली गेलं. 'आधी निकाल, मग खटला' ही पद्धत एकदा मान्य केली की ती एका माणसापाशी थांबत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. २५ डिसेंबर १९८९, रोमानियातलं तिर्गोविश्ते शहर. निकोलाय चाउशेस्कू आणि त्याची पत्नी एलेना यांच्यावर लष्करी तळावर खटला चालला. किती वेळ? साधारण तासभर. आरोप साठ हजार माणसांच्या हत्येचा. प्रत्यक्षात त्या उठावातल्या मृतांची संख्या हजाराच्या थोडी वर होती, आणि त्यातले बहुसंख्य चाउशेस्कू राजधानीतून पळाल्यानंतर मेले. गोळ्या कोणी झाडल्या, हुकूम कोणाचे होते, हे तासाभरात कसं कळणार? निकाल लागताच दोघांना भिंतीपाशी नेऊन गोळ्या घातल्या. पुढच्या दोनच आठवड्यांत, ७ जानेवारी १९९० ला, रोमानियाने मृत्युदंड रद्द केला. जे नवं राज्य मृत्युदंड नको म्हणत होतं, त्याने सुरुवात मात्र त्याच दंडाने केली होती.

सद्दामचं प्रकरण यापेक्षा वेगळं होतं. तिथे खरोखर न्यायालय बसलं. १९ ऑक्टोबर २००५ ला खटला सुरू झाला. विषय होता दुजैल. १९८२ मध्ये त्या गावात सद्दामवर हल्ला झाला आणि त्याचा बदला म्हणून १४८ शिया पुरुष आणि मुलगे मारले गेले. खटला सुरळीत चालला असं म्हणता येणार नाही. बचाव पक्षाच्या तीन वकिलांचे खून झाले. सरकारी दबावाच्या वातावरणात पहिल्या मुख्य न्यायाधीशांनी जानेवारी २००६ मध्ये राजीनामा दिला. न्यायालय स्थापन झालं तेव्हा देश अमेरिकी ताब्यात होता. इथे आपल्याला राधाबिनोद पाल आठवतात. टोकियो खटल्यात त्यांनी १९४८ मध्ये वेगळा निकाल लिहिला आणि विचारलं, की फक्त जेत्यांनी पराभूतांचा न्याय करायचा, तर त्याला न्याय म्हणायचं का?

पण माझ्या मते सद्दामच्या फाशीतला सर्वांत मोठा दोष हा नाहीच. तो वेगळा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

२१ ऑगस्ट २००६ ला सद्दामवर दुसरा खटला सुरू झाला होता. अनफालचा. १९८८ मधल्या या मोहिमेत कुर्दांची गावंच्या गावं पुसली गेली, रासायनिक अस्त्रं वापरली गेली. ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज पन्नास हजार ते एक लाख मृतांचा; कुर्दांचा आकडा १,८२,००० पर्यंत जातो. आरोप वंशसंहाराचा. साक्षी चालू होत्या. खेड्यापाड्यांतली माणसं उभी राहून सांगत होती आणि ज्याच्या राजवटीत हे घडलं तो समोर बसून ऐकत होता. इतक्यात दुजैलचं अपील २६ डिसेंबरला फेटाळलं गेलं आणि चारच दिवसांत फाशी झाली. राष्ट्राध्यक्ष जलाल तालाबानी, स्वतः कुर्द, तत्त्वतः मृत्युदंडाच्या विरोधात होते. आदेशावर सही केली ती पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांनी. जानेवारीत अनफालचं कामकाज पुन्हा सुरू झालं तेव्हा सद्दामची खुर्ची रिकामी होती आणि त्याच्यावरचे आरोप काढून टाकले गेले. मृत माणसावर खटला चालत नाही. त्याचा चुलतभाऊ अली हसन अल-माजिद याला शिक्षा झाली, २०१० मध्ये फाशीही झाली. पण हलब्जाच्या, त्या पाच हजार माणसांच्या मृत्यूच्या खटल्यात सद्दाम कधी उभाच राहिला नाही. इराणशी युद्ध चालू असताना त्याला कोणकोणत्या देशांनी मदत केली, हे त्याच्या तोंडून न्यायालयात येऊ शकलं असतं. तेही राहिलं.

म्हणजे १४८ जणांसाठी दिलेल्या शिक्षेने हजारो जणांचा खटला संपवला. माझा मुद्दा एवढाच आहे. राज्याच्या शिक्षेला सूडापासून वेगळं करतो तो खटला. आणि हुकूमशहाच्या बाबतीत फाशी नेमका त्याचाच गळा घोटते.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही रास्त आहेत. पहिला : आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात 'दुर्मिळातील दुर्मिळ' गुन्ह्याला मृत्युदंड राखून ठेवला. मग लाखभर माणसं मारणारा त्यात बसणार नसेल तर कोण बसणार? बरोबर आहे. गुन्ह्याच्या मापाने तोच पहिला बसेल. पण त्या निकालात जन्मठेप पुरेशी ठरते का, हेही तपासायला सांगितलं आहे. आणि इथे जन्मठेपेमुळे उरलेल्या पीडितांची सुनावणी शिल्लक राहते, हा तिच्या बाजूचा मुद्दा होतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : जिवंत ठेवला की तो सुटतो. दक्षिण कोरियाचा चुन डू-ह्वान बघा. मे १९८० च्या ग्वांगजू हत्याकांडासाठी आणि सत्ता बळकावल्याबद्दल १९९६ मध्ये त्याला मृत्युदंड ठोठावला गेला, अपिलात त्याची जन्मठेप झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात माफी मिळाली. २०२१ मध्ये तो घरी वारला, ग्वांगजूबद्दल माफी न मागता. त्या शहरातल्या आयांना आपण काय सांगणार? मला वाटतं, एवढंच सांगता येईल, की अन्याय झाला तो माफीमुळे. फाशी नको म्हणणाऱ्याने माफीलाही तितक्याच ठामपणे नको म्हटलं पाहिजे, नाहीतर त्याचं म्हणणं पोकळ आहे.

तिसरा रस्ता आहे का? चाडचा हिसेन हाब्रे १९९० मध्ये सत्ता गेल्यावर सेनेगलला पळाला. पीडितांनी पंचवीस वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१५ मध्ये डाकारला आफ्रिकी न्यायालयापुढे खटला उभा राहिला. नव्वदहून अधिक साक्षीदार बोलले. तो गप्प बसून राहिला, पण त्याला ऐकावं लागलं. ३० मे २०१६ ला जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये तो कैदेतच वारला. सगळं छान झालं असं नाही. ठरलेली भरपाई मिळवायला लोकांना पुढेही वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पण प्रत्येकाचं म्हणणं नोंदवलं गेलं, आणि ते पूर्ण होण्याआधी आरोपीला कुणी हलवलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा हुकूमशहा पडेल आणि 'त्याला लटकवा' अशी आरोळी उठेल, तेव्हा त्याची लायकी काय हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा : अजून कोणाकोणाची साक्ष व्हायची आहे? ती यादी संपेपर्यंत त्या माणसाचं जिवंत असणं हे त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत, ते पीडितांचं येणं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.