टाइमआउट म्हणजे नकार नव्हे

चतुर्थीच्या तोंडावर डिचोली वा पेडण्याच्या बाजारात माटोळीचे साहित्य घेताना यूपीआयचा व्यवहार अडकू शकतो. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची बँक आपापल्या संगणकांवर स्वतंत्र नोंद करतात. ताण वाढला की नोंद झाल्याचे उत्तर ठरलेल्या वेळेत येत नाही. यालाच ‘टाइमआउट’ म्हणतात. उत्तर आले नाही म्हणून नोंद झालीच नाही, असे मात्र नव्हे.

१२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय सेवा देशभर विस्कळीत झाली. काही बँकांनी व्यवहारांच्या स्थितीची वारंवार विचारणा केल्याने यंत्रणेवरील भार वाढल्याचे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाला आढळले. त्यानंतर पहिली विचारणा ९० सेकंदांनी आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदाच, असा दंडक आला.

ग्राहकानेही हेच पथ्य पाळावे. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. आधी खात्यातील नोंद पाहावी व व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा झालेली पण दुकानदाराकडे न पोहोचलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जमा व्हावी लागते. व्यक्तीच्या खात्यासाठी ही मुदत एक दिवसाची आहे. त्यापुढे प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय असते.