मध्य प्रांतातलं मँगनीज : दगड होता, खाण नव्हती

मनसर म्हटलं की आज वाकाटकांचं उत्खनन आठवतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रामटेकजवळच्या या गावाचं नाव व्यापारी घेत ते मँगनीजसाठी. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात हा काळा, जड दगड कित्येक टेकड्यांवर उघडाच दिसायचा. कुणापासून लपलेला नव्हता. मग खाणी १९०० च्या सुमारासच का सुरू झाल्या?

याचं उत्तर जमिनीखाली शोधू नका, ते पोलादाच्या भट्टीत आहे. १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीनं पोलाद स्वस्त झालं. पण मँगनीज घातलं नाही तर ते घडवताना तडकायचं. म्हणजे गिऱ्हाईक तयार झालं, तेही समुद्रापलीकडे. आपल्याकडे पहिलं खाणकाम १८९२ मध्ये विजयनगरम भागात झालं, कारण तिथून समुद्र जवळ. मध्य प्रांतातला दगड सरस, पण बंदर शेकडो मैल दूर! १८९६ मध्ये इथं ब्रिटिश सिंडिकेट आलं खरं, पण खरा हिशेब होता रेल्वेभाड्याचा. भाडं सोसेल असा उत्तम दगड तेवढा मजूर बायका-पुरुषांनी फोडायचा, हातानं निवडायचा, हलका ढिगाऱ्यात.

आणि मग १९०५. रशियात क्रांतीची धामधूम, कॉकेशसमधला पुरवठा विस्कळीत, भाव कडाडले. आपल्या टेकडीचं मोल त्या टेकडीनं ठरवलेलं नव्हतं, हे इथं अगदी स्पष्ट दिसतं.

फर्मोर या भूवैज्ञानिकानं १९०९ मध्ये या साठ्यांवर हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला. इथल्या एका खडकाला त्यानं 'गोंडाइट' नाव दिलं, गोंडांवरून. मला हे नाव जरा बोचतं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गोंड पोहोचले, पण खाणींच्या मालकीत त्यांना कुठं जागा होती?

दूरच्या बंदराची अडचण मात्र बरीच वर्षं राहिली. १९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर सुरू झालं, ते उभारताना मध्य प्रांताचं मँगनीज डोळ्यांसमोर होतं.

मालकीचा प्रश्न त्याहून रेंगाळला. १९६२ मध्ये 'मॉइल' स्थापन झाली तेव्हासुद्धा ४९ टक्के हिस्सा जुन्या ब्रिटिश कंपनीकडेच राहिला. तो सरकारकडे आला १९७७ मध्ये.