साग आणि सागरी कासव : दोन नोंदींचा इतिहास

हिमायतनगरचे, म्हणजे जुन्या वाढोण्याचे, समुद्राशी नाते नाही. येथील माणसास कासव ठाऊक असते ते शिवालयाच्या सभामंडपात दगडात कोरलेले. साग मात्र घराच्या तुळईतून आणि किनवटच्या रानातून नित्य परिचयाचा. ह्या दोहोंपैकी अधिक संकटात कोण, असे विचारल्यास उत्तर बहुधा कासवाच्या बाजूने येईल. नोंदी निराळे सांगतात.

सागास ‘टेक्टोना ग्रँडिस’ हे नाव धाकट्या लिनियसने १७८२ साली दिले. त्याची गणना दीर्घकाळ निर्गुडीसह व्हर्बिनेसी कुलात होत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो लॅमिएसी, म्हणजे तुळशीच्या कुलात गेला. वृंदावनातील रोप आणि माजघराचा खांब एकाच कुळीचे ठरावेत, हे गमतीचेच! कोकणातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव एशशोल्ट्झने १८२९ साली मनिला उपसागरातील नमुन्यांवरून वर्णिले; ‘लेपिडोचेलिस’ ही त्याची प्रजाती फिट्झिंगरने १८४३ मध्ये स्थापिली. एक सपुष्प वृक्ष, दुसरा सरीसृप. वर्गीकरणात साम्य शोधणे व्यर्थ होय.

भेद खरा दिसतो तो कायद्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साग येतो तो आरमाराचे लाकूड म्हणून, आणि तोही परवानगीनेच तोडावयाचा. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांची दृष्टीही मूलतः तीच : साग म्हणजे सरकारी उत्पन्न. उलट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राण्याचा जीवच रक्षणीय मानला आणि सागरी कासवास पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. १९९१ साली त्या कायद्यात सहा वनस्पती समाविष्ट झाल्या. त्यांत साग नव्हता.

आता आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेची लाल यादी पाहावी. २००८ च्या मूल्यमापनात हे कासव ‘असुरक्षित’ ठरले. २०२२ मध्ये साग त्याहून एक पायरी गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ वर्गात नोंदला गेला. लागवडीचा साग जगभर विपुल असता असे कसे? कारण ही नोंद भारत, ब्रह्मदेश, लाओस व थायलंड येथील नैसर्गिक सागाची आहे. लावलेली झाडे तीत जमेस धरलेली नाहीत. वखारीत हा भेद कोणी विचारीत नाही. किनवटच्या रानाचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र आपोआप उगवलेला साग कोणता व खात्याने लावलेला कोणता, हे जुन्या वननोंदींतून प्रथम वेगळे काढले पाहिजे.