वेगमापकाची अचूकता

मोटारगाडीचा दर्शित वेग व प्रत्यक्ष वेग यांच्यातील अनुरूपतेचे प्रमाण. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने 1902 मध्ये पेटंट घेतलेल्या वेगमापकात फिरत्या चुंबकामुळे धातूच्या तबकडीत निर्माण होणारे आवर्त प्रवाह काटा वळवीत; पुढे हे कार्य विद्युत् संवेदकांकडे आले (पहा : आवर्त प्रवाह). यंत्र कोणतेही असो, ते चाकाचे फेरे मोजते आणि टायरचा परीघ गृहीत धरते; तफावतीचे मुख्य मूळ या गृहीतात आहे. 600 मिमी. व्यासाच्या टायरचा 6 मिमी. थर झिजला, म्हणजे व्यास 12 मिमी.ने घटून काटा सुमारे 2 टक्के अधिक वेग दाखवितो. मूळ मापाहून मोठे टायर बसविल्यास तो कमी दाखवितो, आणि हीच चूक अधिक धोक्याची होय. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या वनप्रदेशात पावसाळी चिखलात इंजिनाचा जोर मिळणारी चाके जागीच फिरली, तर दर्शित वेगास अर्थ उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या विनियमानुसार दर्शित वेग प्रत्यक्षाहून कमी नसावा, व त्याचे आधिक्य प्रत्यक्ष वेगाचा दशांश अधिक ताशी 4 किमी. याहून जास्त नसावे. प्रत्यक्ष वेग ताशी 40 किमी. असता दर्शित वेगाची कमाल मर्यादा ताशी 48 किमी. होते. भारतात केंद्रीय मोटारवाहन नियम, 1989 मधील नियम 117 वेगमापकासंबंधी आहे. चंद्रपूर–मूल मार्गावर किंवा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या (पहा : ताडोबा राष्ट्रीय उद्यान) मोहर्ली रस्त्यावर, जेथे वन्यप्राणी अकस्मात आडवे येतात, तेथे या अचूकतेचे महत्त्व विशेष आहे, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 40 ऐवजी 44 किमी. वेग असल्यास ते सुमारे 21 टक्क्यांनी वाढते.