कलेवर पोट भरायचं म्हणजे नक्की काय?

आमच्या आयटीच्या धंद्यात एक वाक्य वरचेवर कानावर येतं. "नोकरी सोडतोय यार. आता फक्त चित्रं काढणार." कुणी फोटोग्राफी म्हणतो, कुणी इलस्ट्रेशन, कुणी संगीत. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. पोर्टफोलिओ कर, नेटवर्किंग कर, दर वाढव, सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेव. सल्ले वाईट नसतात. पण ते बहुतेक अमेरिकेतून आलेले असतात, आणि त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कलाकाराने स्वतःच्या नावावर जगायचं ही काहीतरी नवीन भानगड आहे.

ती तशी नवीन नाही. आणि तिचा अभ्यास करायला फार लांब जायची गरज नाही. विरारहून डहाणू लोकल पकडायची आणि बोईसर किंवा वाणगावला उतरायचं.

सुरुवात चिंचणीपासून करू. चिंचणी म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा आठवतो, फार तर खाडीपलीकडचं तारापूर आणि तिथली अणुभट्टी. अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, मग बोईसरला एमआयडीसी वाढली, आणि या पट्ट्यात "चांगलं चाललंय" याचा अर्थ "कंपनीत लागलाय" असा झाला. महिन्याच्या महिन्याला पगार, शिफ्ट, पीएफ.

पण याच चिंचणीत आणि आजूबाजूच्या गावांत दुसरा एक धंदा घराघरातून चालत आला आहे. डायमेकिंग. दागिन्यांच्या डाय. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची. जिथे दागिना उठून दिसायला हवा तिथे डायमध्ये खोल जायचं, म्हणजे सगळा विचार उलटा करायचा. मग त्या डायवर सोन्या-चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पानं, फुलं, मोर उमटतात. एकदा डाय तयार झाली की तिच्यावरून तोच दागिना कितीही वेळा काढता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कारागीर सोर्स कोड लिहितो आणि कॉप्या दुसराच कुणीतरी विकतो :-) कारागिराला पैसे डायचे मिळतात, दागिन्यांचे नाही. आणि बाजारात कुठल्याही दागिन्यावर "ही नक्षी अमक्याची" असं लिहिलेलं नसतं. हल्ली तर डिझाइन कॉम्प्युटरवर करून मशीनने डाय कापता येते. त्यामुळे ज्याचं फक्त हाताचं कसब होतं, त्याच्याकडे वाटाघाटी करायला फारसं काही उरत नाही.

फ्रीलान्सिंगचा पहिला प्रश्न इथे उघडा पडतो. कसब चिकार असलं तरी नाव नाही आणि पुढच्या विक्रीत वाटा नाही, तर माणूस दर महिन्याला शून्यापासून सुरुवात करतो.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे. १९५५ साली चिंचणीत जमीन नांगरताना ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला सगळ्यात जुना शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संयानवर, म्हणजे आताच्या गुजरातमधल्या संजाणच्या परिसरावर, मधुमती सुगतिप नावाचा अरब अधिकारी राज्य करत होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या माणसाने नदीवर फुकट तरीची सोय केली, भात-कालवण-तूप देणारं अन्नछत्र घातलं, आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला एक गाव आणि थोडी जमीन लावून दिली. मुसलमान अधिकारी, हिंदू राजा, देवीचा मठ. यावर वेगळा लेख होईल, असो.

मला त्यातली हिशेबाची बाजू जास्त आवडते. मठिकेला एकरकमी देणगी दिली नाही. गाव दिलं. म्हणजे दरवर्षी पीक येणार, दरवर्षी त्याचं उत्पन्न येणार. पुढे शके ९५६च्या, म्हणजे इ.स. १०३४च्या ताम्रपटात संयानच्या भगवतीच्या मठिकेला तेलाचा घाणा दिलेला आहे. देवीपुढच्या दिव्याला तेल, आणि तिथे येणाऱ्या विद्वानांच्या पायाला लावायला तेल. मधे शंभरावर वर्षं गेली आणि तरी देवीपुढे दिवा लावायची तरतूद चालूच होती. दहाव्या शतकातल्या लोकांना नेमकं माहीत होतं की एखादी गोष्ट टिकवायची तर तिच्यामागे वर्षाच्या वर्षाला येणारं काहीतरी उभं करावं लागतं. सत्कार, शाल, नारळ यांवर मठ चालत नाही.

मठाला ही अक्कल आणि हे दान मिळालं. एकट्यादुकट्या कलाकाराला काय मिळालं? त्यासाठी चिंचणीहून आत, डोंगराकडे, गंजाडच्या बाजूला वळावं लागेल. तालुका तोच, डहाणू. माणूस जिव्या सोमा मशे.

वारली चित्रं आता इतकी सगळीकडे दिसतात (चहाचे कप, कुर्ते, मुंबईच्या सोसायट्यांच्या भिंती) की ती कुणीतरी एकेकाळी पहिल्यांदा कागदावर काढली हे विसरायला होतं. मूळात ते लग्नातलं काम. झोपडीच्या आतल्या भिंतीवर गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहिणार, मधे पालघट देवी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. यात मजुरी नव्हती, मान होता. सही नव्हती. आणि हे काम बायकांचं होतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी इथे आले. हेच ते कुलकर्णी, ज्यांना बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी मिथिलेत पाठवलं होतं, बायकांनी भिंतीवरची चित्रं कागदावर काढावीत आणि त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून. डहाणूतही त्यांनी कागद वाटले. इथे बायका बुजल्या. कागद उचलला तो जिव्या मशे यांनी. त्यांचा जन्म १९३४चा. आई लहानपणीच गेली, त्या धक्क्याने त्यांचं बोलणं थांबलं आणि मातीत रेघोट्या ओढून ते सांगायचे, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. लग्न नसतानाही, रोज, केवळ काढावंसं वाटतं म्हणून चित्र काढणारा हा वारल्यांमधला अपवाद होता.

पुढचा वेग बघा. १९७५ला मुंबईत केमोल्ड गॅलरीचं प्रदर्शन. १९७६ला फ्रान्समध्ये माँताँला प्रदर्शन, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ला पॅरिसमध्ये 'माजिसियां द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात चित्रं. १९९८ला दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये ज्योतींद्र जैन यांनी भरवलेल्या 'अदर मास्टर्स' मध्ये पाच कलाकारांपैकी एक. २००३ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला इंग्लिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्याबरोबर प्रदर्शन, ज्यामागे एर्वे पेर्द्रियोल या फ्रेंच माणसाची धडपड होती. २००९ला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ला पद्मश्री. २०१८ला ते गेले. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त कारकीर्द. आपल्यातले किती जण एका क्षेत्रात चाळीस वर्षं मागणीत राहतात?

या यादीत मला दोन गोष्टी वेगळ्या वाटतात.

पहिली म्हणजे मध्यस्थ. कुलकर्णी, मग केमोल्ड, मग जैन, मग पेर्द्रियोल. प्रत्येकाने नवं दार उघडलं, पण एकच एक मालक कुणी झाला नाही. फ्रीलान्सरने "माझा एकच मोठा क्लायंट आहे" असं अभिमानाने सांगितलं की मला उगीच भीती वाटते. आणि या सगळ्यांनी चित्राला नाव लावलं. "वारली पेंटिंग" नाही, "जिव्या सोमा मशे". हस्तकलेच्या दुकानातली वस्तू आणि गॅलरीतलं चित्र यांच्या किमतीतला फरक बराचसा या एका गोष्टीत आहे. चिंचणीच्या डायमेकरला मिळालं नाही ते हेच.

दुसरी गोष्ट जमीन. राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी दिल्लीत इंदिरा गांधींनी काय हवं विचारलं तेव्हा त्यांनी जमीन मागितली, आणि ती प्रत्यक्षात मिळायला तीन दशकांहून जास्त वर्षं गेली, अशी हकीकत त्यांच्यावरच्या लेखांतून येते. पॅरिसमध्ये चित्रं लागली तरी जमिनीची वाट पाहणं चालूच. ही सरकारी दिरंगाईची गोष्ट आहेच. पण मागणीकडे बघा. शहरातला फ्लॅट नाही, नोकरी नाही. शेत. खायला भात घरचा असला की चित्र कुणाला, कधी, किती घाईने विकायचं हे आपल्या हातात राहतं. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहिलं असेल तर कळेल. जाळ्याचे असंख्य बारीक फासे, एकेक हाताने. ज्याला उद्याच्या जेवणासाठी आज चित्र द्यायचं आहे, तो माणूस हे जाळं विणत बसू शकत नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटातलं गाव आणि मशे यांनी मागितलेलं शेत, मागणी एकच आहे. वर्षाच्या वर्षाला येणारं काहीतरी.

हे नसलं की काय होतं? 'अदर मास्टर्स' मधलंच दुसरं नाव, जनगढ सिंह श्याम. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा गोंड तरुण. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात आणलं. त्याच्या चित्रांतून गोंड चित्रकलेची अख्खी नवी शैली उभी राहिली. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात करारावर चित्रं काढत असताना त्याने आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आत. नाव होतं, मागणी होती, परदेश होता. माणसाच्या मनात शेवटी काय होतं यावर बाहेरून बोलू नये. पण घरापासून हजारो मैल लांब, अनोळखी भाषेत, दुसऱ्याच्या अटींवर एकट्याने काम करणं हे कलाकाराचं "यश" म्हणून साजरं करण्याआधी करारात परतीचं तिकीट कुणाच्या हातात आहे एवढं तरी विचारावं.

आता दुसरी बाजू, कारण ही निव्वळ यशाची गोष्ट नाही. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचं काय झालं? कला कागदावर आली, बाजारात आली, आणि तिच्याबरोबर नाव आणि पैसाही मुख्यतः पुरुषांकडे गेला. मशे यांच्या मुलांनी, सदाशिव आणि बाळू यांनी, चित्रकला पुढे नेली. गावोगाव शेकडो जण काढू लागले. बायकाही काढतात. पण ज्यांची ही मूळची विद्या, त्यांची नावं शोधायला बसलात तर यादी चटकन संपते.

आणि कप-कुर्त्यांचे पैसे? कायदा इथे थोडाच उपयोगी पडतो. कॉपीराइट विशिष्ट चित्राला असतो, शैलीला नाही. मशे यांच्या चित्रांचा कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत चालेल, पण त्रिकोणी अंगाची माणसं आणि तारप्याचा फेर कुणीही काढू शकतो. वारली चित्रकलेला २०१४च्या सुमारास भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मिळाला. तो नावाचा वापर राखतो, नक्षीचा नाही. कंपनीने "वारली" हा शब्दच वापरला नाही तर रॉयल्टी मागायची कुणाकडे? आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आलेलं ५३ अ असं कलम आहे. मूळ चित्र दहा हजारांवर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. डायमेकरला जे हवं होतं ते हेच: पुढच्या विक्रीत वाटा. पण हे कलम गॅलरीबाहेरच्या किती चित्रकारांना माहीत असेल?

तर नोकरी सोडू म्हणणाऱ्या मित्रांसाठी थोडक्यात. पोर्टफोलिओ वगैरे कराच. पण त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. कामावर माझं नाव राहणार का? ते पुन्हा विकलं गेलं तर मला काही मिळणार का? आणि माझं शेत कुठलं? शेत म्हणजे शेतच असं नाही. आठवड्यातून दोन दिवस शिकवणं असेल, घरभाडं असेल, बायकोचा किंवा नवऱ्याचा पगार असेल (असेल तर त्याचं श्रेय मोकळेपणाने द्या, सवाशिणींसारखं विसरू नका). ज्याच्यामुळे वाईट करार समोर आला तर "नाही" म्हणता येईल, असं काहीही.

हे तिसरं उत्तर कोरं असेल, तर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या. अजून वर्षभर शनिवार-रविवारी चित्रं काढा. चित्रं कुठे पळून जात नाहीत.